उघड्या रिळावरची वेणी

“सोडू नका हं! धरून ठेवा. मी आत्ता आले.”

हा आवाज जावयाच्या कानात केव्हाचा मुक्कामाला होता. लग्न होऊन तो सासरी राहायला आला, त्या पहिल्या आठवड्यातला. सासऱ्यांच्या मासेमारीच्या गळांच्या दुकानात रिळावर दोर भरायचं काम चाललं होतं. बायको हँडल फिरवत होती. तो समोरच्या स्टुलावर बसून ओल्या फडक्यात दोर चिमटीने धरून होता. तेवढ्यात आतून दूध करपल्याचा वास आला आणि ती पळाली. दूध आवरलं, शेगडी पुसली, मागच्या दारी शेजारीण भेटली, तिच्याशी चार गोष्टी झाल्या. आणि इकडे हा नवा जावई चिमूट न सोडता तसाच बसून. बोटं पांढरीफटक पडली तरी सोडेना. ती परत आली, त्याला पाहिलं आणि दाराच्या चौकटीला टेकून इतकी हसली की हसता हसता खालीच बसली.

“अहो, धरा म्हटलं म्हणजे काय जन्मभर धरायचं?”

पुढे ती एका तापात गेली. वर्षं लोटली. चिमूट काही सुटली नाही.

ती गेल्यावर त्याने आपल्या गावी परत जावं, असं त्याच्या भावांनाही वाटलं होतं. तिकडे तो जळलेल्या विजेच्या मोटारींची तांब्याची तार नव्याने गुंडाळून द्यायचा. हात बसलेला होता, कुठेही पोट भरलं असतं. पण महिन्याभराने सासऱ्यांनी एका सकाळी दुकान उघडलं, एक रीळ टेबलाच्या पकडीत बसवलं, हँडलवर हात ठेवला आणि नुसतं समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. जावई गेला आणि बसला. तो बसला तो बसलाच.

दोर भरणं हे एकट्याचं काम नव्हे. निदान या दुकानात तरी नव्हतं. एकाने हँडल फिरवायचं, दुसऱ्याने दोर ताणून धरायचा. ताण कमी पडला की दोर रिळावर सैल बसतो, आणि मोठा मासा ओढायला लागला की वरचा दोर खालच्या थरांत घुसून तिथेच रुततो. मग ना पुढे, ना मागे. म्हणून दोघं समोरासमोर, गुडघ्याला गुडघा, आणि मधे एक बारीक रेघ. सासरे हँडल फिरवता फिरवता गुणगुणत,

फिर गं फिर गं दोरी, रिळाच्या अंगणात,
कुणाची वाट गेली, खोल खोल पाण्यात…

दोर ज्या फडक्यातून जाई, ते तिच्या जुन्या सुती झग्याचं होतं. फुलं कधीच उडून गेली होती, मधोमध दोराने करवतीसारख्या चिरा पाडल्या होत्या. जावयाने एकदा नवं फडकं आणलं. सासऱ्यांनी ते घडी करून काचा पुसायला ठेवलं.

दुकान म्हणजे लांबट बोळकंडीच. एका भिंतीला काठ्या उभ्या, दुसरीला गळांचे खण, शिशाचे गोळे, रबरी कोळंब्या. पुढे काचेचं दार, मागे अंगण, वर दोन खोल्या. एकीत सासरे, एकीत तो. त्यांच्या खोकल्यावरून त्याला कळे की ते कोणत्या कुशीवर आहेत, आणि त्याच्या पावलांवरून त्यांना कळे की जावईबापूंना झोप नाही. इतकी वर्षं एका छपराखाली काढली, पण सासऱ्यांनी ‘अहो जावईबापू’ सोडून कधी अरे म्हटलं नाही. कुणी रागावत असेल, तर भांडून निघून जाता येतं. इतक्या मानाने वागवणाऱ्या माणसाच्या घरातून निघायचं कोणत्या दाराने?

तसं दार आता समोर दिसत होतं. रस्त्याच्या पलीकडचं.

समोर ताडपत्रीवाली राहायची. होड्यांच्या कनाती, टपऱ्यांचे पडदे, मालावरची आच्छादनं, सगळं तिच्या अवजड मशीनवर शिवलं जाई. नवऱ्याशी फारकत घेऊन ती या रस्त्याला आली होती. आवाज मोठा, हसू त्याहून मोठं. एकदा तिच्या मशीनची मोटार जळली. जावयाने ती खोलली आणि तार गुंडाळून दिली. कितीतरी वर्षांनी त्याचे हात पुन्हा तांब्याला लागले. ती समोर बसून पाहत होती. म्हणाली, “एवढं चांगलं येतं, आणि तुम्ही तिकडे सासऱ्याचा दोर धरून बसता होय?” तेव्हापासून ती मोटार काही ना काही कारणाने बिघडतच राहिली. चांगल्या मोटारीला तरी किती वेळा उघडायचं! हे दोघांनाही कळत होतं.

आता तिला दुसऱ्या बंदरावर काम मिळालं होतं. तिथे होड्या बांधायचा मोठा कारखाना, राहायला खोल्या, मोटारींचंही काम. आज संध्याकाळी टेम्पो येणार होता. काल तिने शेवटची गाठ मारून धागा दाताने तोडला आणि म्हटलं,

“तुमचं सामान टेम्पोत मावेल. ते काही फार नाही. पण सांगून यायचं. मागच्या दाराने आलेला माणूस मला नको. एकदा असल्या माणसाशी संसार करून झालाय.”

“सांगतो.”

“मला नका सांगू, सांगतो म्हणून. त्यांना सांगा.”

म्हणजे गोष्ट सरळ होती. संध्याकाळच्या आत सांगायचं, नाहीतर टेम्पो जाणार आणि तो या दुकानातच राहणार.

सकाळी त्याने दोनदा तोंड उघडलं. पहिल्या वेळी सासरे दाढी करत होते. गळ्यावर पातं असलेल्या माणसाला असलं काही सांगू नये म्हणून तो थांबला. दुसऱ्या वेळी घसा खाकरला, तर सासरे म्हणाले, “खडीसाखर घ्या. वरच्या फळीवर आहे.” आणि दुपार कलल्यावर तिसऱ्यांदा तो बोलणार, तोच त्यांनी आपलं स्वतःचं रीळ आणून टेबलावर ठेवलं. जुनं, जड, घासून घासून आरशासारखं झालेलं.

“जावईबापू, यावर वेणी भरा.”

जावई बघतच राहिला. वेणी म्हणजे विणलेला दोर. बारीक तंतूंची घट्ट वीण. दुकानात सगळे त्याला वेणीच म्हणत. इतरांना सासरे हा दोर विकत, पण स्वतः मात्र जन्मभर तंगूस वापरत आलेले. तो साधा नायलॉनचा एकेरी, काचेसारखा दोर. वेणीचं नाव काढलं की म्हणायचे, वेण्या बायकांच्या डोक्यावर शोभतात.

“तुम्हाला? वेणी?”

“तंगूस ताणला जातो हो. मासा तिकडे टोचा मारतो, तो हातापर्यंत येईस्तोवर मधेच विरून जातो.” सासऱ्यांनी उजव्या हाताची बोटं अंगठ्यावर घासून पाहिली, जशी काही ती दुसऱ्या कुणाची असावीत. “पूर्वी कळायचं. आता बोटं बधिर झालीत. डॉक्टर म्हणतो, साखरेमुळे. वेणी ताणली जात नाही. माशाने नुसतं हुंगलं तरी कळतं म्हणतात. खरं का?”

“खरं आहे, मामा.”

“मग द्या निवडून. तुम्हाला यातलं कळतं.”

जावयाने खण उघडले. मनातलं सगळं बाजूला सारून तो निवडायला लागला, कारण निवडणं सोपं होतं. एक वेणी चार तंतूंची, खरखरीत, काठीच्या कड्यांतून जाताना सूं सूं वाजणारी, पण खडकाला घासली तरी टिकणारी. दुसरी आठ तंतूंची, गोल, मऊ, लांब जाणारी. त्याने दोन्ही सासऱ्यांच्या हातात दिल्या.

“हा दोर आहे की केस?” ते आठ तंतूंची वेणी डोळ्यांशी नेत म्हणाले. “याने मासा येणार?”

“तुमच्या तंगूसपेक्षा ताकद जास्त आहे. जाडी बघू नका.”

“जाडी बघू नको, रंग बघू नको. मग काय, कुळ विचारू?”

तेवढ्यात पोस्टमन आत आला. टपाल कमी आणि गप्पा फार, असा तो गृहस्थ. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर गळ टाकून बसणारा.

“वा वा! सासऱ्याला वेणी घालताय, जावईबापू?”

“घालतोय. तुम्हाला घालायची तर आधी केस आणा,” सासरे म्हणाले.

पोस्टमनने टोपी घट्ट केली. “पिवळी घ्या, मामा. पाण्यावर दिसते.”

“माशाला पण दिसते.”

“पुढे वावभर तंगूस जोडायचा,” जावई म्हणाला. “दोन्ही हात पसरले की होतं तेवढा. वेणी तुम्हाला दिसेल, माशाला तंगूस.”

“म्हणजे माशाला फसवायला पुन्हा माझा तंगूसच लागला ना!” सासरे एकदम खूश झाले. “पिवळीच द्या. आणि ती खरखरीत, चार तंतूंची. वाजणारी बरी. कान अजून शाबूत आहेत.”

पोस्टमन जाता जाता दारात थांबला. “समोरची बाई चालली म्हणे आज. आमच्या सायकलीचं खोगीर शिवून द्यायचं राहिलं तिचं.” त्याने जावयाकडे पाहिलं की नाही, हे जावयाला कळलं नाही, कारण जावई रिळाकडे पाहत होता.

“जाईना का,” सासरे म्हणाले. “बरी बाई होती. मशीन फार वाजायचं.”

दार बंद झालं. सासरे हँडलपाशी बसले. जावयाने वेणीचं टोक रिळाच्या गळ्याभोवती बांधलं, फडकं पाण्यात पिळलं, स्टूल ओढलं. गुडघ्याला गुडघा.

“चला.”

दोर धावायला लागला. पिवळी रेघ फडक्यातून सरसरत जात होती, आणि काचेच्या दारातून समोरचं दिसत होतं. तिथे दोन माणसं मशीन उलटं करून त्याचे पाय सोडवत होती. ताडपत्रीवाली कमरेवर हात ठेवून त्यांना काहीतरी ओरडून सांगत होती. तिने एकदाही या दिशेला मान वळवली नाही. तिने मुद्दामच तसं ठरवलेलं असणार. तिचा स्वभाव त्याला माहीत होता. ती खुणावणार नव्हती, वाटही पाहणार नव्हती.

आता सांगावं. हात गुंतलेले आहेत, डोळ्यांत डोळे घालायला नकोत. आता सांगितलं तर जमेल.

“मामा…”

“तुम्ही तंगूस वापरायचात ना सुरुवातीला?” सासरे आपल्याच नादात म्हणाले. “ती शिकवायची तुम्हाला. धक्क्यावर. तुम्ही गळ आपल्याच शर्टाला लावून घेतला होता.”

“हो.”

“मी काय म्हणतो, आपली जुनी होडी दुरुस्त करून घेतलीय. पुढचं फळकूट बदललं. ती बसायची ते. आता तुम्ही बसत जा तिथे. दर रविवारी दोघं जाऊ. माझं एकट्याचं काही खरं नाही आता.” हँडल एकसारखं फिरत होतं. “तुम्हाला कधी म्हटलं नाही मी. जीवच होत नव्हता त्या जागेवर कुणाला बसवायचा.”

दोर बोटांमधून धावत राहिला. चिमूट तशीच.

आणि रीळ अर्धंअधिक भरलं तेव्हा त्याच्या एकदम लक्षात आलं. पट्टी! चिकटपट्टी लावायची राहिली.

तंगूस धातूला धरून बसतो. वेणी बसत नाही. ती गुळगुळीत रिळावर सरळ बांधली तर गाठीसकट घसरते. म्हणून आधी चिकटपट्टीचा एक वेढा द्यायचा, किंवा तळाला थोडा तंगूस भरायचा. जावई हे झोपेतही करत असे. आज हात पट्टीकडे गेलेच नाहीत. वरून काही दिसत नव्हतं. पिवळं, गोल, देखणं रीळ. पण जोराची ओढ बसली की वेणीचा सगळा गठ्ठा उघड्या धातूवर नुसता गरगर फिरणार, जशी सैल बांगडी मनगटावर.

सगळं उलगडायला हवं होतं. ‘मामा, थांबा’ एवढंच म्हणायचं. पण मग ते विचारणार, कसं काय विसरलात? म्हणून तो गप्प राहिला. नंतर गुपचूप काढून पुन्हा भरू, असं त्याने स्वतःला सांगितलं. ‘नंतर’ या शब्दावर तो बरीच वर्षं जगत आला होता.

पण सासऱ्यांना आज दम नव्हता. दोर संपताच त्यांनी रीळ काठीला चढवलं. वेणी कड्यांतून ओवली आणि टोकाला तंगूस स्वतःच जोडला. वेढे दुप्पट दिले, गाठ जिभेवर ओली करून आवळली, आणि अंगणाकडे चालू लागले.

“राहू द्या, मामा. उन्हं आहेत.”

“उन्हं मला काय खाणार आहेत? लावा टोक फाटकाला. बघू तुमची वेणी.”

जावयाने टोक अंगणाच्या लोखंडी फाटकाला बांधलं आणि सांगितल्याप्रमाणे फाटक हलकेच टिचकीने वाजवलं. पलीकडे सासऱ्यांचा चेहरा उजळला.

“कळलं! अहो, कळलं की! पुन्हा वाजवा.”

त्याने पुन्हा वाजवलं. म्हातारा लहान पोरासारखा हसला. इतक्या दिवसांनी बोटांना कुणीतरी हाक मारली होती.

“आता ओढतो.” त्यांनी रिळाचा ब्रेक आवळला, पाय रोवले आणि काठी मागे खेचली. काठी थोडी वाकली, आणि दोर सुटायला लागला. ब्रेक सुटताना करकर वाजतो. ते काहीच वाजलं नाही. नुसता मुकाट, सुळसुळत दोर बाहेर. सासऱ्यांनी ब्रेकची कळ आणखी आवळली. पुन्हा खेचलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांनी कळ पिळली, कपाळाची शीर तट्ट फुगली, आणि तरी दोर निघतच राहिला.

मग त्यांनी काठी हळूच भिंतीला टेकवली. हात पुढे धरले आणि त्यांच्याकडे पाहिलं.

“संपलं.”

“काय झालं, मामा?”

“कळ आवळली जात नाही. मला वाटतंय मी आवळतोय, पण बोटांत काही उरलंच नाही.” त्यांचा आवाज अगदी साधा होता, हवापाण्याबद्दल बोलावं तसा. ते पायरीवर बसले. “समजेल म्हणून केली वेणी. समजलं. हे समजलं.”

जावई फाटकापाशी उभा. हातात पिवळा दोर, दुसऱ्या टोकाला म्हातारा.

“तुम्ही आहात म्हणून बरं,” सासरे म्हणाले. “नाहीतर आजच कुलूप घातलं असतं. आता हँडलही तुम्हीच फिरवा. मी फडकं धरेन, तेवढं तरी जमेल. माझी बोटं गेली तर गेली, तुमची आहेत. आता तीच माझी.”

हे ऐकलं आणि जावयाला अंगण एवढंएवढंसं झाल्यासारखं वाटलं. चार भिंती, एक फाटक, आणि फाटकाला आपल्याच हाताने मारलेली गाठ. तो काही बोलला नाही तर म्हातारा आजपासून स्वतःला थोटा समजेल. उद्या जिना उतरताना हात धरायला सांगेल, परवा घास भरवायला. आणि खोटं काय ते फक्त रिळाच्या पोटात राहील, पिवळ्या दोराखाली. तो मात्र दर रविवारी त्या फळकुटावर बसून राहील.

रस्त्यावर टेम्पोचं इंजिन घरघरलं. पुढच्या दारातून ते दुकानातून थेट मागे अंगणापर्यंत ऐकू आलं.

“मामा, तुमची बोटं ठीक आहेत.”

“लहान मूल समजू नका मला.”

“नाही हो. हे बघा.” तो झपाझप आला, काठी उचलली, आणि रीळ एका हाताने गच्च धरून दुसऱ्या हाताने दोर ओढला. रीळ जागचं हललं नाही, आणि त्याच्यावरचा वेणीचा अख्खा गठ्ठा गरकन फिरला. “ब्रेक आवळलेलाच आहे. तुम्हीच आवळलाय, मला सुटत नाहीये एवढा. खाली घसरतंय. पट्टी लावली नाही मी. अर्ध्यावर लक्षात आलं होतं, तरी बोललो नाही.”

सासऱ्यांनी रीळ हातात घेतलं. गठ्ठा एकदा फिरवून पाहिला, पुन्हा एकदा. मग कळ सोडवायला गेले, ती खरंच घट्ट बसली होती. आधी ओठ हलले, मग खांदे, आणि म्हातारा डोळ्यांतून पाणी येईतो हसला.

“मेलो होतो की हो मी! घटकाभर मेलोच होतो!” त्यांनी बाहीने डोळे पुसले. “पट्टी! आणि मी इकडे बोटांचं सुतक धरून बसलो.”

जावईही हसला. हसणं ओसरलं. सासरे रिळावरून अंगठा फिरवत राहिले, आणि हळूहळू त्यांच्या कपाळावर आठी उमटली.

“पण जावईबापू, तुम्ही विसरलात?”

“हो.”

“तुम्ही? चिमूट सोडा म्हटल्याशिवाय न सोडणारे तुम्ही? कुठे होतं लक्ष?”

‘असंच’ हा शब्द ओठावर तयारच होता. या घरात त्याने सगळ्या प्रश्नांना तेच उत्तर दिलं होतं. जेवला का नाहीत? असंच. दिवा का चालू होता? असंच. समोर एवढा वेळ काय करत होतात? असंच, मोटार. बाहेर कुणीतरी टेम्पोचं मागचं फळकूट धाडकन लावलं.

सासरे वर बघत होते. डोळे अजून ओले, त्यांत राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं.

जावई त्यांच्या शेजारी पायरीवर बसला.

“समोर होतं,” तो म्हणाला. “ताडपत्रीवालीकडे. ती चाललीय, आणि मला तिच्याबरोबर जायचंय, मामा. लग्न करायचंय आम्हाला. केव्हापासून सांगायचं होतं, तुमच्याकडे बघितलं की जीभ उचलत नव्हती. मी तुमची परवानगी मागत नाही. मी सांगतोय. मी आज जाणार आहे.”